उतारवयांतील नवी चाकरी

उतारवयांत जुना धनी सोडून नवी चाकरी पत्करावयाची म्हटलें कीं भल्याभल्यांच्या छातींत धडकी भरते. मीं बावन्नाव्या वर्षीं जुनी शाळा सोडली, तेव्हां विंझरच्या आमच्या घरांत कित्येक दिवस कोणास अन्न गोड लागलें नाहीं. त्या दिवसांत राजगडाच्या दिशेस पाहतांना मला रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे आठवत.

कारीचे हे कान्होजी आदिलशाहीचे वतनदार. शहाजीराजांच्या पदरीं असतां ते १६४८ सालीं त्यांच्यासह कैदेंतही पडले. सुटकेनंतर राजांनीं त्यांस शिवाजीमहाराजांच्या मदतीस मावळांत धाडिलें.

१६५९ च्या जूनांत विजापुराहून फर्मान सुटलें, अफजलखानास सामील व्हा! उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. कान्होजी मात्र पांच कर्त्या पुत्रांसह महाराजांकडे गेले. वतनास मुकाल, असें महाराजांनींच बजाविलें; तेव्हां त्यांनीं हातीं पाणी घेऊन वतनावर उदक सोडलें. त्या काळीं वतन म्हणजे पगार, घर आणि नातवंडांची भाकर! महाराजांनींही जेध्यांचीं बायकामुलें तळेगांवीं सुरक्षित ठेविलीं. नोव्हेंबरांत जावळीच्या रानांत जेधे खानाच्या फौजेवर तुटून पडले.

कान्होजींच्या शब्दाखातर मावळचे इतर देशमुखही महाराजांकडे वळले. वय वाढलें कीं मनगट थकतें. जन्मभर जोडलेली पत मात्र तेव्हांच फळास येते. मलाही पुढें नवी शाळा मिळाली, ती एका जुन्या विद्यार्थ्याच्या शब्दावर.