बकाचा प्रश्न आणि कीचकाचें भाषण

एरंडोल हें जळगांव जिल्ह्यांतील अंजनी नदीच्या कांठचें गांव. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, अशी तेथील परंपरा आहे. गांवांत पांडववाडा दाखवितात आणि जवळच्या पद्मालयाच्या रानांत भीमानें बकासुरास मारिलें असें सांगतात. एकचक्रा आपलीच असें म्हणणारीं गांवें देशांत आणखीहि आहेत; त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. लक्ष द्यावयाचें तें बकाच्या बोलण्याकडे.

गाडाभर भात, दोन रेडे आणि तो गाडा नेणारा माणूस, असा बकाचा कर होता. पाळीपाळीनें प्रत्येक घर तो भरीत असे. एके दिवशीं गाडा घेऊन भीम गेला आणि स्वतःच जेवूं लागला. तेव्हां बक खवळून विचारतो कीं, माझ्यासाठीं आणलेलें अन्न खाणारा हा कोण? धान्य पिकविलें लोकांनीं, रांधलें लोकांनीं. परंतु बकाच्या लेखीं तें त्याचें! जुलमी सत्तेचें सारें शास्त्र या एका प्रश्नांत सांठविलेलें आहे.

हेंच शास्त्र मराठी रंगभूमीवर १९०७ सालीं दुसऱ्या एका खलाच्या तोंडून ऐकूं आलें, आणि योगायोग असा कीं, त्याचाहि वध भीमाच्याच हातून व्हावयाचा होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ हें तें नाटक. खाडिलकर हे ‘केसरी’चे संपादकीय सहकारी आणि टिळकांचे अनुयायी. त्यांचा कीचक केवळ कामांध नाहीं. तो सत्तांध आहे. राज्यकर्ता तो राज्यकर्ता आणि दास तो दास, हा त्याच्या भाषणाचा रोख आहे. सैरंध्रीची मागणी तो प्रेमानें करीत नाहीं, हक्कानें करितो.

हा आवाज प्रेक्षकांस अनोळखी नव्हता. १९०५ मध्यें कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभांत लॉर्ड कर्झन यांनीं सत्याचा आदर्श हा बव्हंशीं पाश्चात्त्यांचा आहे असें सांगितलें होतें, आणि त्याच वर्षीं बंगालची फाळणी झाली होती. नाटकांत कर्झनचें नांव कोठेंहि नाहीं. तरी कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमि, सबुरी सांगणारा कंकभट्ट म्हणजे मवाळ आणि बल्लव म्हणजे जहाल, हें कोणास समजावून द्यावें लागलें नाहीं. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानें १९१० च्या आपल्या ग्रंथांत हाच अर्थ लाविला.

डिसेंबर १९०९ मध्यें शेजारच्या नाशिकांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेल्या जॅक्सन या कलेक्टरचा वध झाला. पुढच्याच वर्षीं सरकारनें ‘कीचकवधा’वर बंदी घातली. यांत एक विलक्षण विनोद आहे. पुराणांतील एका दुष्टाचें भाषण बंद करावयाचें, तर तें आपल्यास लागूं पडतें हें सरकारास आधीं मान्य करावें लागलें. जी ओळख नाटककारानें उघड सांगितली नव्हती, ती बंदीच्या हुकुमानें सांगितली.

पुढें कीचक पडद्यावर आला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० सालीं निघाला. येथें कीचकाची वाचाच गेली होती. तरी त्याच्या वधाचा देखावा इतका हुबेहूब वठला कीं, तो कापून टाकावा लागला. रंगभूमीवर त्याचें बोलणें सहन झालें नाहीं, पडद्यावर त्याचें मरणें! १९३३ सालीं प्रभात कंपनीनें पुन्हा ‘सैरंध्री’ काढली. ती बोलपटाच्या काळांतली, आणि तिला रंग चढविण्याचें काम जर्मनींत झालें होतें.

कर्झन गेला, त्याचें साम्राज्यहि १९४७ मध्यें गेलें. बक आणि कीचक मात्र मराठी बोलींत राहिले. अधाशी मनुष्यास बकासुर म्हणतात आणि परस्त्रीवर डोळा ठेवणाऱ्यास कीचक. पण या दोन नांवांचा अर्थ एवढ्यावर संपत नाहीं. दुसऱ्याच्या श्रमाचें फळ आपल्या हक्काचें म्हणून मागणारा स्वर जेथें उठतो, तेथें तीं दोन्ही नांवें शोभतात. बकाचा प्रश्न ऐकून भीमानें वाद घातला नाहीं. तो पाठ फिरवून हंसत हंसत जेवीत राहिला, आणि जेवण पुरें झाल्यावरच उठला.