अमरावतीत पेट्रोल महाग काहून? एका भावाचा छोटा इतिहास

आजचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे. अकोल्याहून अमरावतीला निघालं की घरचं कुणीतरी सांगतंच, "टाकी इथंच फुल्ल करून घे रे." अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. कंपनी तीच, पेट्रोल तेच. मग भाव वेगळा काहून?

पहिला संशय हायवेवर जातो. हायवेवरचे पंपवाले लुटत असतील, असं आपल्याला वाटतं. इंग्लंडमध्ये हा संशय बऱ्यापैकी खरा आहे. तिथं मोटारवेवरच्या सर्व्हिस स्टेशनला पेट्रोल गावातल्यापेक्षा चांगलंच महाग मिळतं. २०२३ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामक संस्थेनं हिशोब मांडला, तेव्हा फरक लिटरमागे २० पेन्सच्या आसपास निघाला. गाडी एकदा मोटारवेवर चढली की स्वस्त पंप शोधायला खाली कोण उतरणार? गिऱ्हाईक अडकलेलं असतं.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांच्या पंपावर रोज सकाळी सहाला नवा भाव लागतो, आणि तो कंपनी कळवते. पंपमालकाला स्वतःच्या मर्जीनं वाढवता येत नाही. अकोला-अमरावती हायवे आठवतोय ना? जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला, तोच. पंप त्या हायवेवर आहे म्हणून पेट्रोल महाग, असा नियम इथं चालत नाही. हायवेवर चहा आणि वडापाव महाग मिळेल, ते वेगळं.

मग भाव बदलतो कुठं? त्यासाठी दीडशे वर्षं मागं जाऊ या.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. जीआयपी रेल्वे भुसावळवरून वऱ्हाड ओलांडत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. आता हा मार्ग नकाशावर बघा. अकोला थेट मुख्य लाइनवर आहे. अमरावती नाही! मुख्य लाइन बडनेऱ्यावरून निघून गेली आणि अमरावतीला एक छोटी शाखा मिळाली. कापसाचं मोठं शहर, पण रेल्वेच्या दृष्टीनं बाजूला.

आता हेच रूळ पेट्रोलच्या गोष्टीत येतात. तेल लांब पल्ल्याला न्यायचं तर पाइपलाइन आणि रेल्वे स्वस्त, टँकर महाग. म्हणून डेपो रुळांजवळ असतात. आपल्या भागाचा मोठा डेपो गायगावला आहे. अकोल्याहून शेगावला जाताना लागतं ते गायगाव, तालुका बाळापूर. मुख्य लाइनवरचं स्टेशन. रेल्वेनं आलेलं पेट्रोल-डिझेल इथं टाक्यांमध्ये उतरतं आणि इथून टँकरनं पुढं जातं. ज्या लाइननं वऱ्हाडचा कापूस बाहेर गेला, त्याच लाइननं आज तेल आत येतं. आणि ज्याच्या दारात डेपो, त्याचं भाडं कमी.

थोडं गणित करू. आकडे माझे, फक्त अंदाज यावा म्हणून. समजा टँकरमध्ये १२,००० लिटर तेल आहे आणि किलोमीटरला खर्च ५० रुपये. गायगाव ते अमरावती जाऊन-येऊन २०० किलोमीटर धरा, म्हणजे १०,००० रुपये. लिटरमागे झाले ८३ पैसे. अकोल्याला जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरले तर लिटरमागे साडेबारा पैसे. फरक सत्तर पैशांचा. अमरावतीला टँकर नागपूरकडून आला तरी अंतर लांबचंच. परभणी नेहमी महाग पेट्रोलच्या बातमीत का असते, तर ते याच अंतरामुळं. तिथला माल पार मनमाडकडून येतो.

तुम्ही म्हणाल, हे तर आधीपासूनच असणार. अंतर होतं, पण पूर्वी ते भावात असं उघडं दिसत नव्हतं. बर्मा शेल, एसो, कॅलटेक्स या परदेशी कंपन्या १९७४ ते १९७८ च्या दरम्यान सरकारजमा झाल्या. त्याच काळात अशी पद्धत बसली की भाव सरकार ठरवणार, आणि कंपन्यांचा कमी-जास्त खर्च 'ऑइल पूल अकाउंट' नावाच्या एका सामायिक खात्यातून सांभाळला जाणार. एकत्र कुटुंबाचा गल्लाच म्हणा ना. ही पद्धत १ एप्रिल २००२ ला संपली. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव मोकळा झाला, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा. १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलायला लागला. गल्ला फुटला आणि ज्याचं अंतर त्याच्या डोक्यावर आलं.

पण मंडळी, अंतर हा अर्धाच हिशोब. उरलेला अर्धा एका रेषेचा आहे.

महाराष्ट्रात पेट्रोल-डिझेलच्या व्हॅटचे अनेक वर्षं दोन गट होते. एका गटात पेट्रोलवर २६ टक्के आणि डिझेलवर २४ टक्के. उरलेल्या राज्यात २५ आणि २१ टक्के. त्यावर लिटरमागचा जादा कर वेगळा. महागड्या गटात मुंबई, ठाणे, नवी मुंबई होती, हे समजू शकतं. पण त्याच यादीत आणखी दोन नावं होती: औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि आपली अमरावती!

आम्ही कोड लिहिणारे याला 'इफ-एल्स' म्हणतो. गाव यादीत असेल तर हा दर, नसेल तर तो. आता या यादीतला अन्याय बघा. मुंबईला दर जास्त होता, पण रिफायनरी शहरातच. एसोची ट्रॉम्बेची रिफायनरी १९५४ मध्ये सुरू झाली, बर्मा शेलची १९५५ मध्ये. म्हणजे वाहतूक खर्च नगण्य. अमरावतीला मात्र मुंबईचा कर आणि वर गायगावचं भाडं होतं. अकोल्याला तो वरचा दर नव्हता आणि भाडंही कमी.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा दर उरलेल्या राज्याइतका करायची घोषणा झाली. तिथं पेट्रोल ६५ पैशांनी आणि डिझेल सुमारे दोन रुपयांनी स्वस्त होईल, असं सरकारनं सांगितलं. म्हणजे त्या एका रेषेची किंमत तेवढी होती. मालवाहू ऑटो चालवणाऱ्याला रोज दहा लिटर डिझेल लागत असेल, तर दिवसाला वीस रुपये, महिन्याला सहाशे. भाजीच्या हिशोबात हे फार होतात.

आणखी एक गंमत. एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं हायवेलगतची दारू दुकानं बंद झाली आणि राज्याचा महसूल बुडाला. तो भरून काढायला पेट्रोलवर लिटरमागे तीन रुपये वाढले. दारू न पिणाऱ्यानंही टाकी भरताना ते बिल फेडलं.

ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत भाड्याची फेरमांडणी केली, म्हणजे डेपोपासून लांबच्या गावांवरचा बोजा कमी केला. ओडिशा, छत्तीसगडच्या आतल्या भागांत भाव उतरले. महाराष्ट्र त्या दिवशी बाहेर राहिला, कारण विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती.

यावरून एक लक्षात येतं. अंतराचा बोजा वाटून घेता येतो आणि कराची रेषा पुसता येते. दोन्ही माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. आपण मात्र पंपावरच्या पोराशी भांडतो, "काय रे, कालपेक्षा वाढवलं का?" त्या बिचाऱ्याच्या हातात फक्त नोझल आहे.

तर पुढच्या वेळी भाव वेगळा दिसला की दोन प्रश्न विचारा. माझा माल कुठल्या डेपोतून येतो? आणि माझं गाव कराच्या कुठल्या यादीत आहे? पहिला प्रश्न तेल कंपनीला, दुसरा आपल्या आमदाराला. दोघांचीही उत्तर देण्याची जबाबदारी आहे.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. तोवर हेल्मेट घाला, आणि हो, टाकी अकोल्यातच भरा!