श्रेणीचा निक्षेप आणि विणकराचा विमा

हातमागावर उदरनिर्वाह करणाऱ्या कुटुंबाची सारी मिळकत बहुधा एकाच खोलीत सामावलेली असते. माग, फणी, धोटा, ताण्यावर चढविलेले सूत, अर्धे विणून झालेले लुगडे आणि विणणाऱ्याचे दोन हात, एवढेच त्याचे भांडवल होय. शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी भूमी उरते. व्यापाऱ्याचा एक व्यवहार फसला तरी पत उरते. विणकराचा माग जळाला किंवा हात अधू झाला, म्हणजे त्याच्यापाशी काहीच उरत नाही. अशा प्रसंगी त्याने कोणाकडे पाहावे? या प्रश्नाला आपल्या देशात निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. त्यांचा मागोवा घेणे हे केवळ विद्वानांचे काम नसून ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

प्रथम नाशिकजवळच्या पांडवलेण्यांकडे वळू. तेथील एका लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जामात उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने वर्ष ४२ मध्ये लेण्यातील भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण दान दिले. ही रक्कम त्याने राजकोशात ठेवली नाही, की एखाद्या सावकाराच्या हवाली केली नाही. ती त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे निक्षेप म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा १; दुसरीकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दलास हात लावावयाचा नाही, केवळ व्याज खर्चावयाचे, अशी अट होती. पहिल्या रकमेतून पावसाळ्यात तेथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे होते. २००० वरील वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंचे मिळून २४० च होतात. हिशेब इतका चोख आहे. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला व फलकावर नोंदविण्यात आला, असेही त्या लेखात म्हटले आहे.

याच लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा लेख त्याहून बोलका आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने गोवर्धनातील कारागिरांच्या श्रेणींकडे रकमा ठेवल्या. त्यांत कुंभार व तेली यांच्याही श्रेणी होत्या. व्याजाचा विनियोग कोणता? आजारी भिक्षूंचे औषधपाणी! कारागिरांच्या संघटित पतीवर रुग्णांच्या उपचाराची तरतूद उभी राहिली, हे आपल्या महाराष्ट्रात सुमारे सतरा शतकांपूर्वी घडले.

त्या श्रेणी म्हणजेच आजची आपली ज्ञाती, असे म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. तसा पुरावा नाही. शिवाय ही तरतूद भिक्षूंसाठी होती. विणकराच्या स्वतःच्या आजारपणाविषयी हे लेख मौन बाळगतात. तथापि राजघराण्यातील पुरुषाने आपले दान विणकरांच्या हाती निर्धास्तपणे सोपवावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. एकट्या विणकराला ही पत कधीच लाभली नसती. ती त्यांच्या एकत्र असण्याची होती.

झालेली हानी भरून काढण्याचे उदाहरण माळव्यातील मंदसोर येथे सापडते. लाट देशातून तेथे येऊन वसलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने इ. स. ४३६ च्या सुमारास सूर्यमंदिर बांधले. पुढे त्याची पडझड झाली, तेव्हा ४७३ च्या सुमारास त्याच श्रेणीने त्याचा जीर्णोद्धार केला. विशेष हे की, तिच्यातील काहींनी तोवर विणकाम सोडून धनुर्विद्या, ज्योतिष असे अन्य व्यवसाय पत्करले होते. व्यवसाय पांगले, पण श्रेणी पांगली नाही. आज आपली मुले वैद्यक, शिक्षण, यंत्रविद्या अशा नाना क्षेत्रांत गेली आहेत; त्यांना हा दाखला मननीय वाटावा.

कालांतराने श्रेणींचे ते सामर्थ्य लोपले. इंग्रजी अमदानीत गिरणीच्या कापडाने हातमागाला घेरले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनचे पीक बुडाले, तेव्हा विणकराचे स्वतःचे शेत नसतानाही त्याचा धंदा बसला. कारण ज्याला पोटाला अन्न नाही तो लुगडे कोठून घेणार? अशा काळी नातलग व ज्ञातिबांधव हाच काय तो आधार उरला. त्या आधाराचे ऋण थोर आहे. परंतु मदत ही देणाऱ्याच्या इच्छेवर व ऐपतीवर अवलंबून असते. पूर आला म्हणजे शेजारीही त्याच पुरात असतो. मग कोणी कोणास द्यावे?

या अडचणीवरचा उपाय दुसऱ्या वाटेने आला. १६६६ साली लंडन शहरात भीषण आग लागून सुमारे १३,००० घरे भस्मसात झाली. त्यानंतर पंधरा-एक वर्षांत तेथे घरांचा आगविमा उतरणारी कचेरी निघाली. दूरदूरच्या, एकमेकांस न ओळखणाऱ्या अनेकांनी थोडे थोडे द्यावे व ज्याच्यावर आपत्ती येईल त्याची भरपाई त्यातून व्हावी, ही ती कल्पना. हिंदुस्थानात १८१८ मध्ये कलकत्त्यास आयुर्विम्याची कंपनी निघाली. पण ती मुख्यतः युरोपियनांसाठी होती. हिंदी माणसाच्या जिवाला धोका अधिक समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेण्याची पद्धत होती. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी लोकांचा विमा नेहमीच्या दराने उतरविण्यास आरंभ केला. १९५६ मध्ये आयुर्विमा व १९७३ पासून सर्वसाधारण विमा राष्ट्राच्या मालकीचा झाला; पुढे शतकाच्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही पुन्हा वाव मिळाला.

तरीही मागावर बसणारा माणूस दीर्घकाळ याबाहेरच राहिला, कारण हप्ता नियमित मागतात आणि त्याची कमाई अनियमित. या शतकाच्या आरंभी हातमाग विणकरांसाठी निघालेल्या सरकारी विमा योजनेत ही अडचण ओळखलेली दिसते. वर्षाच्या ४७० रुपयांच्या हप्त्यापैकी २९० रुपये केंद्र सरकार, १०० रुपये आयुर्विमा महामंडळाकडील सामाजिक सुरक्षा निधी आणि केवळ ८० रुपये विणकर, अशी ती विभागणी होती. २०१५ पासून प्रधानमंत्री जीवनज्योती व सुरक्षा विमा या योजना सर्वांना खुल्या आहेत. २०२२ पासून त्यांचा वार्षिक हप्ता अनुक्रमे ४३६ व २० रुपये असून प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण मिळते. पहिली कोणत्याही कारणाने येणाऱ्या मृत्यूसाठी, दुसरी अपघातासाठी.

जिवाप्रमाणे मागाचाही विमा हवा. इचलकरंजीने पंचगंगेचे पूर २००५, २०१९ व २०२१ मध्ये अनुभवले. खड्डामागाच्या घरात पाणी शिरले की ते प्रथम खड्ड्यात उतरते. लहान कारखान्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आग, पूर इत्यादींचे एक प्रमाणित विमापत्र सर्वत्र मिळू लागले आहे. ते घेताना एक व्यवहार नीट समजून घ्यावा. माल व माग दहा लाखांचा असून विमा पाचच लाखांचा उतरविला, आणि चार लाखांचे नुकसान झाले, तर भरपाई चार लाखांची नव्हे, दोनच लाखांची होते. जेवढा हिस्सा विम्याखाली, तेवढाच हिस्सा परत. या विमापत्रात शेकडा १५ पर्यंतची तूट माफ आहे, अधिक नाही. म्हणून हप्ता वाचविण्यासाठी किंमत कमी सांगणे हे स्वतःचीच फसवणूक करणे होय.

आपल्यापैकी जे चित्रकार, मूर्तिकार आहेत किंवा कलादालन चालवितात, त्यांनी अधिक सावध असावे. आगीच्या रूढ विमापत्रात कलावस्तू, हस्तलिखिते, आराखडे व रेखाचित्रे यांचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्यांची पुरती भरपाई मिळत नाही. प्रदर्शनास पाठविलेल्या मालाचा प्रवासातील विमा वेगळा घ्यावा. परक्याचे सूत आपल्या मागावर असेल, तर तसे विमापत्रात लिहवून घ्यावे.

तात्पर्य, मदत ही कृपा आहे आणि विमा हा हक्क आहे. कृपेपुढे मान लवते. हक्काला केवळ कागद नीट असावा लागतो. विधवा भगिनीने मंडळाच्या दारी अर्ज घेऊन उभे राहण्यापेक्षा तिच्या नावाचे वारसपत्र आधीच भरलेले असावे, यात ज्ञातीचा अधिक गौरव आहे. मदतनिधी बंद करावा असे मुळीच नाही. ज्याला हप्ता झेपत नाही त्याचा हप्ता त्यातून भरला जावा, हा त्याचा उत्तम उपयोग ठरेल. गावोगावच्या शाखांनी कुटुंबवार नोंद करावी: माग किती, किंमत काय, विमा आहे की नाही, वारस कोण. गोवर्धनच्या विणकरांनी परक्याच्या दानाचा हिशेब भरसभेत वाचून फलकावर लिहिलेला आपण पाहिला. त्यांच्याच व्यवसायाचा वारसा सांगणाऱ्या आपण आपल्या लेकराबाळांच्या संरक्षणाचा हिशेब तितक्याच चोखपणे लिहावा, एवढीच प्रार्थना.