केशवराव भोळे : चालीतून केलेली समीक्षा

पुण्याच्या मंडईत भाजी घ्यायला आलेला माणूस आपले वाहन ‘आर्यन’मध्ये लावतो. हे नाव वाहनतळाला का मिळाले, हा प्रश्न आता सहसा कुणाला पडत नाही. १९१५ साली बापूसाहेब पाठक यांनी येथे आर्यन चित्रपटगृह सुरू केले. पुण्यातले हे पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह. समोर १८८६ साली उभी राहिलेली अष्टकोनी मनोऱ्याची मंडई. तिचे तेव्हाचे नाव रे मार्केट. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी विरोध केला होता, आणि पुढे त्याच वास्तूला त्यांचे नाव देण्यात आले. १९८३ साली आर्यन बंद पडले. जागा राहिली, नाव राहिले.

चित्रपटसंगीताच्या इतिहासाकडे वळताना आम्ही या जागेपासून सुरुवात करतो, त्याला कारण आहे. आर्यन सुरू झाले तेव्हा चित्रपट मुका होता. प्रेक्षागृह मात्र मुके नव्हते. त्या काळी पडद्याच्या पुढे पेटीवाला आणि तबलजी बसत आणि समोर हलणाऱ्या चित्राला आपल्या अंदाजाने साथ करीत. मारामारी आली की लय वाढवायची, विरह आला की एखादी ओळखीची नाट्यगीताची चाल काढायची. संगीत चित्रपटाजवळ बसलेले होते, चित्रपटात नव्हते. ते कोणत्याही चित्राला चालत असे, कारण ते कोणत्याच चित्राचे नव्हते.

१९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि १९३२ साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’. चित्रपट बोलू लागला, गाऊही लागला. परंतु या गाण्याची वृत्ती एकदम बदलली नाही. संगीत रंगभूमी आपल्या पदांसह, तानांसह आणि ‘वन्समोअर’च्या अपेक्षेसह पडद्यावर येऊन बसली. ‘अयोध्येचा राजा’मध्ये नायकाची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंबे यांच्याकडे होते, हे पुरेसे बोलके आहे. टेंब्यांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की पात्र गात आहे की गायक गात आहे, हा भेद तोवर कुणाला फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. तो भेद मराठी चित्रपटात ज्यांनी आग्रहाने आणला त्या केशवराव भोळे यांच्याविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे.

भोळे यांचा जन्म १८९६ सालचा, अमरावतीचा. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते संगीताकडे वळले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी : हा संगीतकार लेखकही होता, आणि केवळ हौसेखातर लिहिणारा लेखक नव्हता. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी त्यांनी गायकांवर समीक्षा लिहिली. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे पुस्तक १९३३ सालचे, ‘संगीताचे मानकरी’ १९४९ सालचे. आपल्या स्वररचनेमागचा विचार त्यांनी ‘माझे संगीत’ या पुस्तकात १९६४ साली सविस्तर मांडला. म्हणजे त्यांचे समीक्षालेखन आणि चित्रपटांचे काम साधारणतः एकाच सुमारास आकाराला आले. आमचे म्हणणे असे की त्यांच्या चाली या त्यांच्या समीक्षेचाच दुसरा अवतार होत. गाणे कुणाचे, कुणासाठी आणि कशासाठी, हे प्रश्न समीक्षक विचारतो. भोळ्यांनी ते पेटीवर बसून विचारले.

या विचाराची पहिली ठळक खूण रंगभूमीवर उमटली. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले. श्री. वि. वर्तक यांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून ते लिहिले होते. संगीत भोळे यांचे होते आणि गाणाऱ्या नायिकेची भूमिका त्यांच्या पत्नी ज्योत्स्ना भोळे यांची. नाटकात पदे मोजकीच होती, आणि ती घरात बसलेल्या सुशिक्षित मुलीने सहज म्हणावीत अशी होती. रागविस्ताराचा मोह टाळून शब्दाचा अर्थ पोहोचविणारी ही गायकी पुढे भावगीत म्हणून रूढ झालेल्या प्रकाराच्या अगदी निकट होती. घराच्या दिवाणखान्यात घडणाऱ्या नाटकात दरबारी थाटाचे गाणे शोभत नाही, ही साधी गोष्ट. परंतु साधी गोष्ट अमलात आणायला धैर्य लागते, कारण प्रेक्षक तानेसाठी पैसे मोजून आलेला असतो.

याच वर्षी ‘प्रभात’ कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. भोळे तिच्यात दाखल झाले आणि ‘अमृतमंथन’ (१९३४)पासून त्यांचे नाव ‘प्रभात’शी जोडले गेले. कंपनीत मास्तर कृष्णराव यांच्यासारखा मैफल गाजविणारा दुसरा संगीतकारही होता. ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे चित्रपट कृष्णरावांचे. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’ हे भोळ्यांचे. दोघांत डावे-उजवे करण्याचा आमचा हेतू नाही. कृष्णरावांच्या चालीत सुराचा आनंद आधी भेटतो, भोळ्यांच्या चालीत बोलणारा माणूस आधी भेटतो, एवढे मात्र म्हणता येईल.

‘कुंकू’ (१९३७) हे याचे धारदार उदाहरण. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट काढला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा हे लग्न मान्य करीत नाही, ही त्याची कथा. शांतारामांनी येथे पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्यच केले. घड्याळाची टिकटिक आणि घरातले, रस्त्यावरचे आवाज यांनी त्याची जागा घेतली. संगीतकाराला हा अपमान वाटू शकला असता. भोळ्यांच्या रीतीला तो अनुकूल ठरला, कारण उरलेले प्रत्येक गाणे आता कथेतल्या कुणाच्या तरी तोंडचे असणे भाग होते. शांता आपटे यांची नीरा गाते तेव्हा ग्रामोफोनची तबकडी तिला साथ करते. आकाशातून वाद्यवृंद उतरत नाही. हीच नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता चालीवर म्हणते. १९३७ सालच्या मराठी चित्रपटात इंग्रजी कविता, ही नवलाई म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. आम्हांला त्यातील औचित्य अधिक मोलाचे वाटते. तेव्हाच्या शिकलेल्या मुलीच्या पाठ्यपुस्तकातून आलेली ही कविता असणार, आणि घरातल्या कुणालाही न कळणारी भाषा हाच तिचा एकांत. चाल येथे पात्राचे शिक्षण, वय आणि कोंडमारा एकाच वेळी सांगते. याउलट त्याच चित्रपटातील रस्त्यावरच्या गायकाचे गाणे बोलीतले, मोकळ्या गळ्याचे आहे. ते मंडईच्या कोपऱ्यावर ऐकू आले तरी कुणी वळून पाहू नये, इतके ते रस्त्याचे आहे.

आता ‘संत तुकाराम’कडे येऊ. डिसेंबर १९३६ मध्ये हा चित्रपट मुंबईत झळकला आणि तेथे सलग ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची उत्कृष्ट चित्रपटांत गणना झाली. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचे, तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पागनीसांचे नाव रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध होते, त्यामुळे ही निवड धाडसाचीच म्हणावी लागेल. चित्रपटाच्या आरंभीच एक लक्षणीय योजना आहे. तुकाराम भजन करीत आहे, आणि पुढे सालोमालो तीच रचना आपली म्हणून लोकांपुढे गातो. शब्द तेच. परंतु तुकारामाच्या तोंडी ते भजनाच्या सरळ चालीत येतात, आणि सालोमालोच्या तोंडी नाटकी नखऱ्याने. वाङ्मयचौर्य म्हणजे काय, हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही. तो ते ऐकतो. शब्द चोरता येतात, त्यांच्यामागचा स्वर चोरता येत नाही, असे विधान एका अक्षराचीही भर न घालता येथे केले गेले आहे. आम्ही चालीला समीक्षा म्हणतो ती या अर्थाने.

गंमत अशी की या चित्रपटाने पुढे जो गोंधळ घातला तो नेमका सालोमालोच्या उलट आहे. बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्तावर रचलेले, पागनीसांनी गायिलेले या चित्रपटातील गीत असंख्य मराठी माणसांना तुकारामाचा अभंग म्हणून ठाऊक आहे. ते तुकारामाचे नाही. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. आम्ही वर्गात तुकाराम शिकवताना विद्यार्थ्यांना आवडता अभंग सांगावयास सांगितला, तेव्हा एकापेक्षा अधिक वेळा हेच गीत पुढे आले आहे. खरे म्हणजे खातरजमा करणे अवघड नाही. इंदुप्रकाश छापखान्याची गाथा १८६९ ते १८७३ या काळातच छापून झाली होती. शिवाय गीत नीट वाचले तर त्यात ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा नाही, आणि रचना अभंगाच्या ठरीव मापात काटेकोर बसतही नाही. मग श्रोता फसला कशाने? आमच्या मते आठवल्यांच्या शब्दांनी निम्मे काम केले, उरलेले निम्मे भोळ्यांच्या चालीने आणि पागनीसांच्या गळ्याने. चाल इतकी भजनाची होती की नाममुद्रा श्रोत्याने आपणहून जोडली.

याकडे कसे पाहावे, यात आम्हां शिकविणाऱ्यांचा काही प्रश्न गुंतलेला आहे. एक मार्ग सोपा : विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करावी आणि पुढे जावे. ती दुरुस्ती करायलाच हवी, संहितेची शिस्त सोडून चालणार नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर आपण एक मोठी गोष्ट गमावतो. संतांच्या नावावर इतरांच्या रचना जमा होणे ही आपल्या परंपरेत नवी घटना नव्हे. गाथेच्या संपादकांना प्रक्षिप्त अभंगांशी झगडावे लागले ते यामुळेच. ‘संत तुकाराम’च्या बाबतीत ही प्रक्रिया आपल्या अगदी जवळच्या काळात, लेखक आणि संगीतकार यांची नावे श्रेयनामावलीत छापलेली असतानाही घडली. मौखिक परंपरा कशी काम करते याचा याहून स्वच्छ धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल?

भोळ्यांच्या रीतीला मर्यादाही होत्या, त्या झाकण्याचे कारण नाही. गाणे पात्राला इतके बांधले की ते पात्रावाचून कधीकधी फिके वाटते. केवळ गाण्यासाठी गाणे ऐकू इच्छिणाऱ्याला त्यांच्या काही चाली कोरड्या वाटतील. चाळिशीच्या दशकात मोठे वाद्यवृंद आणि पार्श्वगायन यांचा जोर वाढला. गाणारा आणि पडद्यावर ओठ हलविणारा वेगळे झाले, तेव्हा ‘हे कोण गात आहे’ हा भोळ्यांचा प्रश्नच अवघड होऊन बसला. ‘रामशास्त्री’ (१९४४) हा ‘प्रभात’चा त्यांच्या संगीताचा उत्तरकालीन मोठा चित्रपट. १९५३ साली ‘प्रभात’ बंद झाली. भोळे १९७७ साली निवर्तले. मध्यंतरीच्या काळात त्यांचे लेखन चालूच होते.

आषाढवारीत तुकोबांची पालखी लक्ष्मी रस्त्याने येते आणि मंडईपासून फार दूर नसलेल्या नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्काम करते. त्या गर्दीत आठवल्यांचे ते गीत कुणी गुणगुणले तर आपण काय करावे? निदान त्याला अडवू नये. मंडईत चित्रपटगृह गेले आणि त्याचे नाव तेवढे राहिले. या गीताचे उलट झाले : गीत राहिले, नावे गेली. भोळ्यांना बहुधा याचे वाईट वाटले नसते, कारण चाल ज्याची त्याच्याच तोंडी शोभावी हाच त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. ती थेट तुकारामाच्या नावावर जमा झाली, ही त्या आग्रहाला मिळालेली सर्वांत मोठी पावती होय. ती नावे लक्षात ठेवण्याचे काम गुणगुणणाऱ्याचे नाही. ते आपले, वर्गात उभे राहणाऱ्यांचे आहे.