पर्फ साधनाच्या शेल चाचण्या

पर्फ साधनाच्या शेल चाचण्या हा लिनक्स कर्नलच्या स्रोतात समाविष्ट असलेला शेल स्क्रिप्टचा संच आहे. प्रोसेसरची कार्यक्षमता मोजणारे 'पर्फ' हे साधन स्वतः नीट चालते की नाही, याची तपासणी या स्क्रिप्ट करतात. त्या 'पर्फ टेस्ट' या आज्ञेने चालवल्या जातात.

पार्श्वभूमी

आधुनिक प्रोसेसरमध्ये काउंटर नावाच्या लहान नोंदण्या असतात. पार पडलेल्या आज्ञा, घड्याळाची आवर्तने, कॅश स्मृतीत न सापडलेली माहिती, शाखांविषयीचे चुकलेले अंदाज इत्यादी घटना त्या मोजतात. इंटेलच्या १९९३ मधील पेंटियम प्रोसेसरमध्ये असे दोन काउंटर होते.

अशा मोजणीची गरज मोठ्या संगणकांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील संस्थेचा 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या 'टॉप ५००' यादीत जगात चौथा ठरला. त्याची सैद्धांतिक कमाल क्षमता सुमारे १७१ टेराफ्लॉप्स होती, तर लिनपॅक चाचणीतील प्रत्यक्ष कामगिरी ११७.९ टेराफ्लॉप्स होती. सैद्धांतिक आणि प्रत्यक्ष आकड्यांत असे अंतर प्रत्येक संगणकात असते. कोणत्याही संगणकात ते कशामुळे पडते याचा शोध घेताना काउंटरची मदत होते. मात्र काउंटर वाचणारे साधनच चुकीचे असेल, तर पुढील सर्व निष्कर्ष चुकतात.

लिनक्समध्ये काउंटर वाचण्याची सामाईक सोय सप्टेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.३१ या आवृत्तीत आली आणि तिच्यासोबतच पर्फ हे साधनही आले. त्यातील 'पर्फ स्टॅट' एकूण घटना मोजते. 'पर्फ रेकॉर्ड' ठरावीक अंतराने नमुने घेते आणि 'पर्फ रिपोर्ट' त्यांचा अहवाल दाखवते.

पर्फ टेस्टमधील आरंभीच्या चाचण्या सी भाषेत लिहिलेल्या असून त्या प्रामुख्याने साधनाचे अंतर्गत भाग तपासत. शेल चाचण्या चालवण्याची यंत्रणा २०१७ मध्ये जोडली गेली. शेल स्क्रिप्ट वापरकर्त्याप्रमाणेच आज्ञा देते व बाहेर आलेला मजकूर वाचते. त्यामुळे साधनाचे सर्व भाग एकत्र चालतात की नाही हे कळते.

रचना

प्रत्येक स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीतील टिप्पणी हे त्या चाचणीचे वर्णन असते आणि तेच यादीत दिसते. सर्वसाधारणपणे स्क्रिप्ट आधी तात्पुरती फाइल तयार करते, मग ज्ञात स्वरूपाचे काम पर्फच्या देखरेखीखाली चालवते, 'ग्रेप' वा 'ऑक' यांच्या साहाय्याने निकाल तपासते आणि शेवटी फाइल पुसून टाकते. चाचणी मध्येच थांबवली तरी पुसण्याचे काम व्हावे यासाठी 'ट्रॅप' ही शेलची सोय वापरतात.

निकाल स्क्रिप्टच्या समाप्तीच्या अंकावरून ठरतो. ० म्हणजे उत्तीर्ण, २ म्हणजे वगळली आणि अन्य कोणताही अंक म्हणजे अनुत्तीर्ण.

पूर्वी काही स्क्रिप्ट चाचणीसाठी लागणारा छोटा सी प्रोग्राम तिथल्या तिथे संकलित करत. संकलक नसलेल्या संगणकावर त्या निरुपयोगी ठरत. ही अडचण दूर करण्यासाठी २०२३ मधील ६.२ या आवृत्तीपासून असे नमुना प्रोग्राम पर्फमध्येच अंतर्भूत करण्यात आले.

मोजमाप तपासण्याच्या पद्धती

बेरजेच्या प्रोग्रामचे अचूक उत्तर आधीच ठाऊक असते. आवर्तनांच्या संख्येचे तसे नसते. तोच प्रोग्राम दोनदा चालवला तरी आकडे थोडे वेगळे येतात. शिवाय काउंटर मोजके असल्यामुळे अनेक घटना एकदम मागितल्यास पर्फ त्यांना आळीपाळीने काउंटर देते आणि मिळालेल्या वेळेच्या प्रमाणात एकूण संख्येचा अंदाज करते. म्हणून चाचण्या पुढील मार्ग अवलंबतात:

* तुलना: एकच गोष्ट दोन मार्गांनी मोजून आकडे ठरावीक टक्केवारीच्या आत जुळतात का ते पाहणे.
* अपेक्षित ठिकाण: बहुतांश वेळ एकाच फलनात घालवणारा प्रोग्राम चालवून अहवालात त्याच फलनाचे नाव येते का ते पाहणे.
* मांडणी: स्वल्पविरामांनी विभागलेल्या वा जेसन स्वरूपातील निकालाची रचना योग्य आहे का ते पाहणे.

मांडणी तपासताना स्थानिक अंकलेखनही अडथळा ठरू शकते. पर्फ स्टॅट मोठी संख्या संगणकाच्या भाषिक मांडणीनुसार छापते. तीच संख्या एका संगणकावर १,२३४,५६७ अशी, तर भारतीय मांडणी निवडलेल्या संगणकावर १२,३४,५६७ अशी दिसू शकते. स्वल्पविरामांच्या जागा गृहीत धरणारी स्क्रिप्ट दुसऱ्या ठिकाणी विनाकारण अनुत्तीर्ण होते. यावर उपाय म्हणून स्क्रिप्टच्या आरंभीच 'सी' ही तटस्थ मांडणी निश्चित करता येते.

वगळलेल्या चाचण्या

आभासी यंत्रांत प्रोसेसरचे काउंटर अनेकदा उपलब्ध नसतात. तेव्हा पर्फ संख्येऐवजी ती घटना समर्थित नसल्याची नोंद छापते. सामान्य वापरकर्त्याला काय मोजता येईल, हे कर्नलच्या 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड' या मूल्यावर अवलंबून असते. सुरक्षेच्या कारणास्तव हे मूल्य बहुधा कडक ठेवलेले असते. २०२० मधील ५.८ या आवृत्तीपासून केवळ मोजमापासाठी स्वतंत्र अधिकारही देता येतो.

अशा परिस्थितीत चाचणी अनुत्तीर्ण न ठरवता वगळणे योग्य असते, कारण दोष साधनाचा नसतो. परंतु वगळलेली चाचणी ही उत्तीर्ण चाचणी नव्हे. महाविद्यालयातील प्रयोगशाळेत आभासी यंत्रावर एकही चाचणी अनुत्तीर्ण झाली नाही, एवढ्यावरून तेथील मोजमापे विश्वसनीय ठरत नाहीत. त्या चाचण्या प्रत्यक्ष चालल्या का, हे आधी पाहावे लागते.

मर्यादा

या चाचण्या प्रोसेसरच्या काउंटरची अचूकता सिद्ध करत नाहीत. काउंटरमधील आकडा पर्फ योग्य रीतीने वाचते व मांडते एवढेच त्या दाखवतात. तुलनेची टक्केवारी सैल ठेवल्यास खरा दोष निसटतो, तर ती फार आवळल्यास इतर कामांत गुंतलेल्या संगणकावर निर्दोष साधनही अनुत्तीर्ण ठरते.

हेही पहा

* लिनक्स
* कर्नल
* महासंगणक