विषाचे आचके आणि पहिली घटका

बंगळूर आणि म्हैसूरच्या मुलखात डोक्यावरून कढत पाणी घेऊन स्नान करण्याची रीत जुनी आहे. अशा स्नानाच्या वेळी काही माणसांना फेफरे येते. बंगळूरचे मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी यांनी १९६०नंतरच्या दशकात या विकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. पुढे तेथल्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत डॉ. पी. सतीशचंद्र यांनी त्याचा विस्ताराने अभ्यास केला. त्यातून एक सोपा उपाय रूढ झाला. स्नानापूर्वी दीड-दोन तास क्लोबझामची गोळी घेतली, की बहुतेकांचे फेफरे टळते.

क्लोबझामच्याच कुळातील डायझेपाम आणि मिडाझोलाम ही औषधे, मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या युद्धविषांमुळे येणाऱ्या आचक्यांवरही योजली जातात. मात्र स्नानाची वेळ आधी ठाऊक असते, विषाची नसते. त्या उपचारांचा सारा इतिहास म्हणजे वेळेशी चाललेला झगडाच होय.

या विषांचा जन्म रणांगणावर झाला नाही. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ पिकांवरील किडीचा नाश करणारे द्रव्य शोधत होता. त्या शोधात त्याच्या हाती टाबुन लागले, आणि १९३८ साली त्याहून जहाल असे सारिन. लष्कराने ती हेरली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ती रणांगणावर वापरली नाहीत. मात्र १९८८ साली इराकमधील हलब्जा या गावावर झालेल्या रासायनिक हल्ल्याने आणि १९९५च्या मार्च महिन्यात टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडलेल्या सारिनने जगाला त्यांची ओळख पटली. भारताने १९९७ साली आपल्याजवळील रासायनिक अस्त्रे जाहीर केली, व २००९पर्यंत ती नष्टही केली. पण याच जातीची सौम्य भावंडे, म्हणजे फॉस्फरसयुक्त कीटकनाशके, तोवर आपल्या शेतांत आणि घरांत येऊन बसली होती.

शरीरात ही विषे काय करतात? एका मज्जातंतूचा निरोप दुसऱ्याला वा स्नायूला पोचवणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य आपले काम होताच नाहीसे व्हावे लागते. ते काम करणाऱ्या विकरालाच विष जखडून टाकते. मग निरोप थांबतच नाहीत. तोंडाला फेस येतो, छाती कफाने भरते, स्नायू फडफडतात, आणि मेंदूत खळबळ माजून आचके येऊ लागतात. यावर पहिले औषध अट्रोपीन. आपल्या परिचयाच्या धोत्र्यातही ते असते. दुसरे प्रॅलिडॉक्झिम. ते जखडलेले विकर सोडवते, पण मेंदूत फारसे शिरत नाही. शिवाय विष आणि विकर यांची गाठ काळ लोटेल तशी पक्की होते. सोमान या विषाच्या बाबतीत ही मुदत अवघ्या काही मिनिटांची असते, कीटकनाशकांच्या बाबतीत काही तासांची वा एक-दोन दिवसांची.

आचक्यांचेही तसेच आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसून आले, की पहिली काही मिनिटे आचके ॲसिटिलकोलीनच्या जोरावर चालतात. पुढे ग्लुटामेट हे दुसरेच द्रव्य त्यांची सूत्रे हाती घेते आणि मेंदूच्या पेशी मरू लागतात. मेंदूला शांत करणारी जी ग्रहणस्थाने डायझेपामला साथ देतात, ती तोवर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढली गेलेली असतात. पाऊण तास उलटला, की तेच औषध तितकेसे लागू पडत नाही. आपल्या जुन्या मापाने जेमतेम दोन घटकांचा हा खेळ आहे. म्हणूनच शीर सापडण्याची वाट न पाहता दंडात वा मांडीत टोचता येणाऱ्या मिडाझोलामला महत्त्व आले. सैनिकांसाठी तशी तयार सुई अमेरिकेत २०१८ साली मान्य झाली.

मात्र युद्धविष माणसाला देऊन औषध पारखणे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शक्य नाही. माणसाविषयी जे ज्ञान मिळाले, त्यातले पुष्कळसे कीटकनाशकाच्या रोग्यांनी दिले. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली. कीटकनाशकांचा कायदा १९६८ साली झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लागोपाठच्या २०० रोग्यांचे निरीक्षण करून १९७४ साली ते प्रसिद्ध केले. त्यांना दोन प्रकारची लक्षणे आढळली. पहिली दाखल होतानाच दिसणारी व अट्रोपीनने ओसरणारी. दुसरी एक दिवस उलटल्यावर येणारी, अट्रोपीनला न जुमानणारी. त्यांत मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडत. आचके थांबले म्हणजे रोगी वाचला, ही समजूत त्यांनी मोडली. श्रीलंकेतील वैद्यांनी १९८७ साली या अवस्थेला 'मध्यंतरीचा विकार' अशा अर्थाचे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. त्याची पहिली सविस्तर नोंद मात्र पुण्यातली आहे.

बारामतीचे काम त्याच परंपरेतले. तेथील डॉ. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला प्रॅलिडॉक्झिम थांबून थांबून दिले, दुसऱ्याला ४८ तास अखंड धारेने. पहिल्या गटात आठ मृत्यू झाले, दुसऱ्यात एक. हा निष्कर्ष २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २००९ साली श्रीलंकेतील चाचणीत मात्र या औषधाचा फायदा दिसला नाही. बारामतीचे रोगी बहुधा लवकर दाखल झाले होते, आणि दोन चाचण्यांतील अंतराचे ते एक कारण मानले जाते. वाद मिटलेला नाही, पण तोही अखेर वेळेपाशीच येऊन थांबतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. शिवारापासून दवाखान्यापर्यंतची वाट दोन घटकांत सरत नाही. सैनिकाच्या पिशवीत औषधाची सुई ठेवण्याइतकी दूरदृष्टी राष्ट्रे दाखवतात. फवारणी करणाऱ्या मजुराच्या गावातील आरोग्य केंद्रात अट्रोपीनचा पुरेसा साठा, आचके थांबवणारे औषध आणि रोग्याचा श्वास सांभाळील असे शिकलेले माणूस असणे हीदेखील तितकीच निकडीची गोष्ट आहे. ससूनमधल्या आणि बारामतीमधल्या रोग्यांनी जे ज्ञान जगाला दिले, ते त्यांच्याच गावच्या माणसांपर्यंत वेळेवर पोचले पाहिजे.