देश-सप्ताह (विद्यापीठीय)

एखाद्या परदेशाची भाषा, इतिहास, कला आणि खाद्यपदार्थ यांना वाहिलेला विद्यापीठातील आठवडा. जर्मन सप्ताह, जपान सप्ताह असा तो त्या देशाच्या किंवा भाषेच्या नावाने ओळखला जातो. भोंगवलीसारख्या भोर-वेल्ह्यातील गावांतून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला सप्ताह म्हटले की आधी हरिनाम सप्ताह आठवणार. येथे वीणा नसते. पण कामाचे पहारे वाटून घेणे आणि शेवटच्या दिवशी जेवणाला उसळणारी गर्दी सारखीच.

पुण्यात या उपक्रमाला दोन आधार आहेत. पहिला भाषावर्गांचा. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. त्याच्या परकीय भाषा विभागात जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी या भाषा शिकवतात. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आल्यावर जर्मनला पोटापाण्याचेही कारण मिळाले. दुसरा आधार परदेशी विद्यार्थ्यांचा, शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये सिम्बायोसिस स्थापन केली ती त्यांच्यासाठीच.

खरी अडचण तारखांची. फ्रेंच भाषकांचा दिवस २० मार्च, कारण १९७० मध्ये त्या दिवशी नियामे येथे फ्रेंच भाषक देशांच्या संघटनेचा करार झाला. आपल्याकडे तेव्हा परीक्षांची धांदल. जपानचा संस्कृती दिन ३ नोव्हेंबरला येतो. तिकडच्या विद्यापीठांचे महोत्सव त्याच सुमारास भरतात, इकडे बहुधा दिवाळीची सुट्टी असते. रशियन भाषा दिन म्हणजे पुश्किनचा जन्मदिवस, ६ जून. मे महिन्याची सुट्टी तेव्हा नुकती सरत असते, आणि महाराष्ट्रात ती तारीख १६७४ च्या शिवराज्याभिषेकाची. तिच्यापुढे पुश्किनचा टिकाव लागणे कठीण. जर्मन एकीकरण दिन, ३ ऑक्टोबर, त्यातल्या त्यात सोयीचा. एरवी मूळ तारीख सोडून स्नेहसंमेलनांचा हंगाम, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, गाठणे शहाणपणाचे.

कागदाच्या घड्या, पोशाख आणि पदार्थ यांवर भागवलेला सप्ताह लवकर विसरला जातो. त्या देशाची भाषा वर्षभर शिकणारी मुले जेथे नाटक बसवतात किंवा अनुवाद वाचतात, तेथेच त्याला वजन येते. इतिहासाचे व्याख्यान मात्र सहसा दुपारच्या सुस्तीत ढकललेले असते.

भोर तालुक्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. परकीय भाषा विभाग मात्र पुण्यात, फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे.